६४ बिटवर बिल्ड होतं, ३२ बिटवर एरर येते? आधी टाइप बघा

सी प्लस प्लसचा कोड ६४ बिट लिनक्सवर मस्त कंपाइल होतो आणि ३२ बिट एआरएम प्रोसेसरसाठी बिल्ड केला की मिनच्या (दोनातली लहान व्हॅल्यू देणारं फंक्शन) ओळीवर 'नो मॅचिंग फंक्शन' येतं, तर लॉजिकमधे काही शोधत बसू नका, बहुतेक वेळा घोळ टाइपचा असतो. ६४ बिट लिनक्सवर साइझ_टी (आकार, लांबी ठेवायचा पूर्णांक टाइप) म्हणजे अनसाइन्ड लाँगच, म्हणून मिनला एक साइझ_टी आणि एक अनसाइन्ड लाँग दिला तरी चालून जातं, पण ३२ बिटवर साइझ_टी सहसा अनसाइन्ड इंट असतो, मग दोन्ही ४ बाइटचे असले तरी कंपायलरसाठी ते वेगळे टाइप, आणि मिन हे टेम्प्लेट दोन्हीकडे एकच टाइप मागतं, म्हणून अडतं. सोपा उपाय म्हणजे मिनला टाइप सांगूनच टाका, कोनी कंसात साइझ_टी लिहा. किंवा व्हेरिएबलच त्या टाइपचं करा, मला हेच जास्त पटतं, कारण जिथे तिथे कास्ट (जबरदस्तीने टाइप बदलणं) टाकला की एरर गप्प होते पण मोठी व्हॅल्यू कापली गेली तर कळतही नाही.

छापतानाही टाइप जुळवा: प्रिंटएफमधे साइझ_टी साठी झेड-यू (%zu) वापरा, युइंट६४_टी (६४ बिटचा अनसाइन्ड पूर्णांक) साठी पीआरआययू६४ (PRIu64) मॅक्रो.

अजून एक, लिनक्सवर एआरएममधे साधा कॅर (char टाइप) अनसाइन्ड असतो, म्हणजे उणे आकडे ठेवू शकत नाही, त्यामुळे कॅर ॲरेत उणे १ लिहिलं की नॅरोइंगची (व्हॅल्यू त्या टाइपमधे मावत नाही अशी) एरर येते, तिथे साइन्ड कॅर लिहा.

आणि दुसरं मशीन नसेल तरी इंटेलच्या पीसीवर जीसीसी कंपायलरला एम३२ (-m32, म्हणजे ३२ बिटसाठी बिल्ड) फ्लॅग देऊन बघा (३२ बिट लायब्ररी टाकाव्या लागतात), साइझ_टी वाल्या एरर तिथेच दिसतात.