स्थानिक वाहिनीची दिवसभराची प्लेलिस्ट कशी लावावी

न हलणाऱ्या वेळा आधी भरा: बातम्या, थेट प्रक्षेपण. मग रेकॉर्ड केलेले कार्यक्रम. अर्ध्या तासाच्या स्लॉटला साधारण 22 ते 24 मिनिटांचा कार्यक्रम पुरतो, उरलेला वेळ जाहिराती आणि प्रोमोंचा.

फाइलवर लिहिलेल्या लांबीवर कधीच विसंबू नका. ती उघडून पहिली आणि शेवटची फ्रेम स्वतः पाहा, नाहीतर सुरुवातीचे कलर बार (चाचणीसाठीच्या रंगीत पट्ट्या) थेट प्रेक्षकांच्या घरी पोहोचतात. लहान चुकाही साचतात. सेकंदाला 25 फ्रेमच्या यंत्रणेत 10 फ्रेम म्हणजे 0.4 सेकंद. तासाला 12 फायलींत प्रत्येकी एवढा फरक राहिला, तर 12 तासांत जवळपास एक मिनिट घसरतं.

म्हणून प्लेलिस्टमध्ये बातम्यांना ठरलेल्या घड्याळी वेळेवर सुरू होण्याची सूचना द्या, बाकीचे एकामागोमाग लावा. मात्र ही सूचना आधीच्या कार्यक्रमाचा शेवट निर्दयपणे कापते. त्यामुळे बातम्यांच्या अगोदर 60 सेकंदांचा, कुठेही तोडता येईल असा फिलर हवाच: निवेदन नसलेली दृश्यं उत्तम.

आवाजाची पातळीही तपासा. युरोपीय मानक उणे 23 एलयूएफएसचं (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचं एकक) आहे. कोणतंही मानक पाळा, पण जाहिराती आणि कार्यक्रम दोन्हींना तेच लावा.