आयसीयूतल्या नळ्या कशा सांभाळायच्या

राउंडला डॉक्टर आले की माझा प्रश्न ठरलेला: ही नळी आज लागणार आहे का? सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असो की लघवीची नळी, रोज विचारायचं. काही जण हसतात, हसू देत. क्लेबसिएला, स्युडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू प्लॅस्टिकला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर करून बसतात. हाच बायोफिल्म. त्यात दडलेल्यांना मारायला मोकळ्या जंतूंच्या शेकडो पट अँटिबायोटिक लागू शकतं. तेवढं पेशंटला देणार कसं? म्हणून गरज संपली की नळी काढायची. काढता येत नसेल तर नीट सांभाळायची.

लाइनला हात लावण्याआधी अल्कोहोल रब, हात पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे 20 ते 30 सेकंद. मग 70 टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने हब, म्हणजे लाइनचं सिरिंज जोडायचं टोक, घासा. नुसता स्वॅब टेकवून चालणार नाही. हबचं तोंड, कडा, आट्यांमधल्या खाचा, सगळं मनात 15 आकडे होईपर्यंत चोळायचं, आणि वाळू द्यायचं. ओल्या हबला सिरिंज जोडताना कुणी दिसलं की मी पुन्हा पहिल्यापासून करायला लावते. पारदर्शक ड्रेसिंग 7 दिवसांनी, गॉजचं 2 दिवसांनी बदला. कड सुटली किंवा खाली रक्त साचलं तर लगेच.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं 30 ते 45 अंश वर हवं. सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळ्यांमध्ये, साचलेलं पाणी पेशंटकडे परत जाता कामा नये. ते आणि उरलेलं सलाइन हात धुण्याच्या सिंकमध्ये तर मुळीच ओतू नका! तिथल्या ड्रेनमध्ये स्युडोमोनास थर करून बसलेला असतो, आणि नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर बाहेर उडतो.

आता कल्चर, म्हणजे नमुन्यात कोणता जंतू वाढतो ते लॅबमध्ये बघणं. लघवीचा नमुना बॅगेतून कधीच घेऊ नका. नळी बरेच दिवसांची असेल तर आधी बदला, नवीच्या पोर्टमधून (नमुना घ्यायच्या तोंडातून) घ्या. नाहीतर रिपोर्ट येतो तो नळीतल्या थराचा. लाइनचा संशय असेल तर ब्लड कल्चर एकाच वेळी लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून, दोन्हीकडे सारखंच रक्त. लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा निदान 2 तास आधी पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू आधी वाढले, तर दोष बहुधा लाइनचाच. त्यासाठी बाटलीवर जागा आणि वेळ लिहिलेली हवी, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. अँटिबायोटिकचा पहिला डोस कल्चरनंतर द्या, पण पेशंट सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या अवस्थेत) असेल तर बाटल्यांची वाट बघत डोस ताटकळत ठेवू नका.