कृष्णकमळाची गुणसूत्रं मोजायची असतील तर

ठाण्यात एम.एस्सी. बॉटनी करताना प्रोजेक्टसाठी मी पॅसिफ्लोरा, म्हणजे कृष्णकमळाची प्रजाती निवडली. पेशीविज्ञानात नव्याने येणाऱ्यांना मी आजही हीच सुचवते. जगात तिच्या पाचशेहून अधिक जाती, बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या, आणि गुणसूत्रांची संख्या गटागणिक बदलते. पॅशनफ्रूट आणि निळं कृष्णकमळ यांच्यात १८. लहान फुलांच्या डेकालोबा गटात बहुधा १२, तर अ‍ॅस्ट्रोफिया गटात २४. आपल्याकडे कुंपणांवर माजणारी, कळीभोवती जाळी असलेली फीटिडा बहुतेक नोंदींत २० दाखवते. सुबेरोसा या एकाच जातीत २४ही सापडतात, ३६ही. या प्रजातीची मूळ संख्या, म्हणजे ज्या आकड्यापासून बाकीच्या संख्या तयार झाल्या तो, ६ की १२, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला तो फार आवडतो.

नमुन्यासाठी ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातून काही तोडू नका. ते राष्ट्रीय उद्यानात येतं, वनखात्याची परवानगी लागते. घोडबंदर रोडला रिकाम्या प्लॉटच्या कुंपणावर फीटिडा मिळते, निळं कृष्णकमळ नर्सरीत. बियांची वाट बघू नका, पॅशनफ्रूटचं बी रुजायला वेळ घेतं. कटिंग वाळूत लावा.

कोवळी मुळं सकाळी कापा. आधी पेशींचं विभाजन मध्येच थांबवणाऱ्या हायड्रॉक्सीक्विनोलिनमध्ये ठेवा, मग पेशी आहेत तशा टिकवायला तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये. पुढे कोमट हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये मूळ मऊ करून रंग द्या. खरा कस लागतो तो मुळाचं टोक काचपट्टीवर चेपताना. कांद्याची गुणसूत्रं लांबलचक, पटकन दिसतात. इथली अगदी बारकी, एकमेकांवर चढली की दोनाचं एक वाटतं. म्हणून टोकाचा फक्त गडद रंगलेला भाग ठेवा, बाकी काढून टाका. कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, सरकू न देता अंगठ्याने सरळ दाब द्या. एका सुंदर पेशीवर विसंबू नका. वेगवेगळ्या मुळांतल्या, नीट पसरलेल्या अनेक पेशींत तोच आकडा यायला हवा.

खात्रीसाठी कळ्याही घ्या. आजी ज्यांना पाच पांडव म्हणायची, त्या परागकोशांत अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन, चालू असतं. पण कळी अगदी लहान हवी. फूल उमलेपर्यंत सगळं उरकलेलं असतं.

आणि ज्या वेलाचं मूळ कापलं, त्याचीच फुलासकट हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना, करा. फीटिडाचे उपप्रकार पुष्कळ आहेत. ओळख चुकली तर आकडा भलत्याच वेलाच्या नावावर जातो. शीट झाली की मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियम या वनस्पती-संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून बघता येईल का, हे गाइडना विचारा.