जुनं चेनसॉ मशीन घेताय? या चुका टाळा

दिवाळी सरली, बांधावरची झाडं उतरवायची वेळ आली की जुन्या चेनसॉचा बाजार तापतो. आजरा, चंदगड, गगनबावड्याकडची मशीनं पावसाळाभर माळ्यावर पडलेली असतात आणि टाकीत जूनमधलं पेट्रोल तसंच असतं. पुसून-पासून ती विकायला निघतात. घेणारा बघतो रंग, स्टिकर आणि एका ओढीत चालू होतंय का. मग हंगामात तेच मशीन पोत्यात घालून आमच्याकडे दुरुस्तीला येतं.

गरम मशीन चालू करून बघणं

गेल्या गेल्या दोरीला हात घालू नका, आधी सिलिंडरच्या पंखांना लावा. कोमट लागलं तर तुमच्या येण्याआधी ते चालवून ठेवलंय. झिजलेलं मशीन गरम असताना बऱ्याचदा गुमान चालू होतं, खोड निघते ती थंडीत. विकणाऱ्याला म्हणा, चहा घेऊ, गार होऊ दे.

तेवढ्यात सायलेन्सर खोला. दोन-तीन बोल्टांचं काम आहे, चार मिलिमीटरची ॲलन की नाहीतर टी-२७ टॉर्क्स लागते. दोरी हळू ओढत पिस्टन खाली-वर करा आणि एक्झॉस्टच्या भोकातून मोबाईलचा टॉर्च मारा. पिस्टनची बाजू गुळगुळीत दिसली पाहिजे. उभ्या रेघा फक्त या बाजूला असतील तर मशीन तापून धरलेलं आहे (पिस्टन सिलिंडरात अडकलेला), म्हणजे मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा तेल कमी पडलं. इनटेकच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूलाही ओरखडे असतील तर फाटक्या एअर फिल्टरातून भुसा आत गेलाय. लाकडी काडीनं रिंग दाबून बघा, ती दबून परत आली पाहिजे. हे बघू देत नसेल तर ते मशीन त्यालाच लखलाभ.

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजायचं मीटर) असेल तर इग्निशन बंद, थ्रॉटल (रेसचा खटका) पूर्ण उघडा आणि पाच-सहा ओढी. १५० पीएसआयच्या आसपास मशीन चांगलं, ११०च्या खाली खर्च ठरलेला. गेज नसेल तर मशीन दोरीच्या मुठीला लटकवा. धडधाकट मशीन थांबत थांबत, झटके देत खाली येतं, गेलेलं सरळ घसरतं.

टाकीतला एक थेंब कागदावर टाका. पेट्रोल उडाल्यावर तेलाचा डाग राहिला पाहिजे. डाग नाही म्हणजे नुसत्या पेट्रोलवर चालवलंय. दर विचारत बसू नका, निघा.

आधी स्क्रू, मग विचार

कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायची घाई हा या धंद्यातला सगळ्यात महाग रोग. ५८ सीसीच्या मशीनचं नेहमीचं प्रकरण बघा. सिलिंडर आणि कार्बोरेटरमधल्या रबरी नळीला बारीक चीर असते. तिथून हवा ओढली जाते, थ्रॉटल सोडला तरी वेग उशिरा खाली येतो, आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा वेग) धावतं. घेणाऱ्याला वाटतं सेटिंग हललंय. तो एच स्क्रू (पूर्ण वेगाचं पेट्रोल ठरवणारा) पाव फेरा आत घेतो. आवाज एकदम टिपेला जातो, गडी खूश. वाळक्या बाभळीच्या तिसऱ्या-चौथ्या कापात मशीन धरतं. तो टिपेचा आवाज पिस्टन भाजल्याचा होता.

पुढची चूक आपल्याकडची खास. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाला बोअर-स्लीव्ह (सिलिंडर आतून कोरून नवं अस्तर) करायची सवय, तेव्हा धरलेल्या चेनसॉचाही सिलिंडर लेथवर जातो. चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो, आतून क्रोम किंवा निकेलचा कडक थर दिलेला. बोअर केलं की थर गेला, आणि मापाचा मोठा पिस्टन मिळत नाही. सिलिंडर-पिस्टनचा सेट बदलायचा, दुसरा इलाज नाही.

आमचा क्रम ठरलेला आहे. टाकीतला फिल्टर नवा. पेट्रोलची नळी बोटात वाकवून चीर बघायची. रबरी नळी आणि इम्पल्स नळी (इंजिनातला दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारी) तपासायची. आयडलवर मशीन दोन्ही कुशींवर कलतं करून आवाज वाढतो का ऐकायचं; वाढला तर क्रँकच्या सीलवर पहिला संशय. मग कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा. तो कापडासारखा मऊ हवा. पापडासारखा कडक झाला असेल तर किट बदला. एवढं झाल्यावर एच आणि एल (कमी वेगाचा) हे दोन्ही स्क्रू हलक्या हातानं टेकवून एकेक फेरा बाहेर. बहुतेक मशीनं इथून सुरू होतात. मोकळ्यात पूर्ण थ्रॉटलला आवाज थोडा गुरगुरता हवा आणि लाकडात घातल्यावर साफ व्हायला हवा. मोकळ्यातच कर्कश असेल तर एच स्क्रू बाहेर घ्या.

बाकीच्या

दहा मिनिटं चालून बंद पडतं, टाकीचं झाकण सैल केल्यावर फुस्स होऊन परत चालू होतं? श्वासाचं भोक तुंबलंय, कार्बोरेटरला हात लावू नका.

क्लच उलट्या आट्याचा असतो. जोर लावून डावीकडे फिरवाल तर घट्ट कराल. क्लच खोलताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालणाऱ्याला काय म्हणावं? सुती दोरी घाला, तीही पिस्टन एक्झॉस्टचं भोक झाकून वर सरकल्यावर.

पेट्रोल-तेलाचं मिश्रण ५० ला १ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर चांगलं टू-टी ऑइल. मशीनवर २५ ला १ लिहिलं असेल तर ४० मिलिलिटर. मोटरसायकलचं इंजिन ऑइल यात चालत नाही. मिश्रण महिन्याभरात संपवा. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं.

चेन घेताना बारच्या (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या) इंचांवर जाऊ नका. बारवरची पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) आणि गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या दातांची जाडी) वाचा, जुन्या चेनचे ड्राइव्ह दात, म्हणजे खाचेत बसणारे दात मोजा. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) अर्धा मिलिमीटर खाच पडली असेल तर नव्या चेनबरोबर तोही नवा, नाहीतर चेन आठवड्यात ताणते. धारेला ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, लो प्रोफाइल ३/८ ला ४ मिलिमीटरची.

चेन ब्रेक मात्र पैसे द्यायच्या आधी बघा. मशीन जमिनीवर दाबून धरा, वेग द्या आणि मनगटानं पुढच्या मुठीसमोरचा हँडगार्ड पुढे ढकला. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. आयडलवर चेन फिरत असेल तर आधी आयडलचा स्क्रू कमी करून बघा, तरी फिरली तर क्लचच्या स्प्रिंगा गेल्यात.