वॉटर पंप बदलताना या चुका टाळा: पंप बसतो, पण हवा आत राहते

गाडीचा वॉटर पंप बदलल्याच्या चौथ्या दिवशी मी कात्रजचा जुना घाट चढत होतो. एप्रिलमधली दुपार, एसी चालू. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून उठला, लाल पट्टीला टेकला आणि पुढच्या वळणावर झटकन खाली आला. मग पुन्हा वर. एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर केला, तर बाहेर होती तशीच हवा आत आली, जराही जास्त गरम नाही. इंजिन तापलंय आणि हीटरपर्यंत गरम पाणीच पोचत नाही, म्हणजे मध्ये हवा आहे. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून दीड तास थांबलो. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही आणि इंजिनवर पाणीही ओतलं नाही. तापलेलं झाकण उघडलं तर उकळता कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) तोंडावर उडतो, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

पंप नवा होता, बेल्ट नवा होता, थेंबभर गळती नव्हती. फक्त हवा काढायचं काम मी दहा मिनिटांत उरकलं होतं.

गावाकडं विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की काय होतं, ते आठवा. मोटर फिरते, आवाज येतो, पाणी येत नाही. गाडीचा वॉटर पंपही त्याच जातीचा. त्याचा पंखा पाणी ढकलतो, हवेच्या फुग्यापुढं त्याचं काही चालत नाही. हवा सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते: इंजिनच्या वरच्या भागात म्हणजे हेडमध्ये, थर्मोस्टॅटपाशी (पाणी तापल्यावर उघडणारी झडप), हीटरच्या जाळीत. तिथं पाणी पोचलं नाही की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि त्याखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, उडतं. सेन्सरचं टोक पाण्याऐवजी हवेत असेल तर काटा खोटं बोलतो. इंजिन उकळत असताना तो शांत मध्यावर उभा असू शकतो. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका.

हवा काढताना पहिली चूक होते ती घाईत भरण्याची. बादली उपडी केल्यासारखा कूलंट ओतला की हवेला बाहेर यायला वाटच राहत नाही. बारीक धार धरा, मधूनमधून थांबा, रेडिएटरचा वरचा जाड पाईप हातानं दाबत राहा. बुडबुडे येताना दिसतील. गाडीचं तोंड वर हवं. आमच्या सोसायटीत पार्किंगचा उतार आहे, त्यावर मी पुढची चाकं वरच्या बाजूला ठेवतो, हँडब्रेक ओढतो आणि मागच्या चाकांना विटा लावतो. हीटरचं बटण पूर्ण गरमवर ठेवा. पुण्यात हीटर वर्षानुवर्षं कुणी लावत नाही, म्हणून ही पायरी हमखास राहते. काही गाड्यांत हीटर बंद असला की त्या वाटेनं पाणी फिरतच नाही. पाईपवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो सैल ठेवा.

मग गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू, आयडलवर. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, तोवर खरी हवा बाहेर पडतच नाही. बहुतेकांचा धीर इथंच सुटतो. वरचा पाईप गरम झाला, हीटरमधून चटका बसेल अशी हवा आली, रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला, की इंजिन बंद करा. पूर्ण गार झाल्यावर पातळी पाहा. बहुधा ती खाली गेलेली असते. सोपी पडताळणी म्हणजे उघडताना निघालेला कूलंट मोजून ठेवा. साडेतीन लिटर निघाला आणि अडीचच आत गेला, तर उरलेल्या एका लिटरच्या जागी हवा आहे.

पंप बसवतानाच्या चुका थोडक्यात. नाना पेठेत पंप घ्यायला जाल तेव्हा जुना सोबत न्या; पंपाच्या पंख्याची खोली आणि बोल्टची भोकं शेजारी ठेवून जुळवा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, काढताना पुठ्ठ्यावर त्याच मांडणीत खोचून ठेवा. जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि तिथूनच गळती सुरू होते. सिलिकॉन जास्त लावलं तर आत गेलेले तुकडे रेडिएटरच्या नळ्यांत अडकतात. रबरी ओ-रिंगला ग्रीस नको, कूलंटचं बोट फिरवलं की पुरे. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर त्याच वेळी बदला, कारण तेवढीच खोलाई पुन्हा करावी लागते. बाहेरच्या बेल्टवर असेल तर तो अति ताणू नका, नव्या पंपाचं बेअरिंग जातं.

‘इथं थंडी कुठं पडते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. इंजिन गार चालतं, पेट्रोल जास्त जातं, आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटर टाळून बायपासनं फिरत राहतं, म्हणजे घाटात गाडी उलट तापते. बोअरचं पाणीही नको; त्यातले क्षार आत थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे, किंवा तयार मिश्रण. रंग सारखा म्हणून दोन कूलंट एकत्र करू नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या.

पुढचे तीन दिवस सकाळी गार इंजिनावर कूलंटच्या टाकीची पातळी बघायची आणि पंपाखालच्या बारीक भोकाखाली पुठ्ठा ठेवायचा. सुरुवातीला एखादा थेंब चालतो, रोज डाग पडला तर सील गेलंय. आणि निघालेला जुना कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, लेबल लावून लगेच उचला. तो चवीला गोड लागतो, आणि पार्किंगमधल्या मांजरीनं किंवा कुत्र्यानं थोडासा चाटला तरी त्याची किडनी निकामी होऊ शकते.