एक्स्पायरी जवळ आली की शेअरच्या ऑप्शनमधील स्प्रेड कसा सांभाळावा

निफ्टी या निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा देण्याचा हक्क देणारा करार) स्प्रेड करून, म्हणजे एक ऑप्शन विकून त्याच्या जोडीने दुसरा घेऊन, हात बसलेला माणूस जेव्हा एखाद्या कंपनीच्या शेअरच्या ऑप्शनकडे वळतो, तेव्हा पडद्यावर त्याला सगळे ओळखीचेच दिसते: तेच कॉल (घेण्याचा हक्क), तेच पुट (देण्याचा हक्क), तशाच स्ट्राइक (करारातले ठरलेले भाव). फरक असतो तो शेवटच्या दिवशी, म्हणजे करार संपतो त्या एक्स्पायरीला. निफ्टीचा हिशेब रोखीत मिटतो. शेअरच्या ऑप्शनचा हिशेब मात्र जुलै 2018 पासून टप्प्याटप्प्याने आणि ऑक्टोबर 2019 पासून सरसकट प्रत्यक्ष शेअरच्या देवाणघेवाणीने मिटतो. त्यामुळे ‘माझा स्प्रेड आहे, तोटा मर्यादित आहे’ हे वाक्य एक्स्पायरीच्या दुपारपर्यंत खरे असते. त्यानंतर ते खरे राहील की नाही हे शेअरचा भाव कोठे बंद होतो यावर ठरते. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात नोकरी किंवा दुकान सांभाळून फावल्या वेळात सौदे करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. या मंडळींनी निदान एवढा भाग तरी नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

प्रथम तारीख निश्चित करावी. 1 सप्टेंबर 2025 पासून राष्ट्रीय शेअर बाजारातील मासिक करार महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतात. त्या दिवशी सुट्टी असल्यास आदल्या कामकाजाच्या दिवशी संपतात. वर्षानुवर्षांच्या गुरुवारच्या सवयीने चालणाऱ्यांनी हे कॅलेंडरवर लिहूनच ठेवावे. बाजाराच्या सुट्ट्या आणि कर्नाटकातील बँकांच्या सुट्ट्या एकच नसतात, याचेही भान हवे. 1 नोव्हेंबरला आपल्याकडील बँकेच्या शाखेला कुलूप असते, पण तो दिवस शनिवार-रविवार नसेल तर बाजार सहसा चालू असतो.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. एका शेअरचा लॉट (एका करारातील शेअरची संख्या) 500 चा आहे असे समजा. आपण 1400 चा पुट विकला आणि 1360 चा पुट विकत घेतला. हातात शेअरमागे निव्वळ 14 रुपये प्रीमियम (ऑप्शनची किंमत) आला. दोन स्ट्राइकमधील अंतर 40 रुपये, म्हणजे कागदावरचा सर्वाधिक तोटा 26 रुपये, लॉटमागे 13,000. शेअर 1400 च्या वर बंद झाला तर दोन्ही पुट निकामी होऊन प्रीमियम आपला राहतो. 1360 च्या खाली बंद झाला तर विकलेल्या पुटमुळे 500 शेअर घेण्याची आणि घेतलेल्या पुटमुळे 500 शेअर देण्याची अशी दोन्ही देणी-घेणी एकमेकांत वजा होतात, शेअर हलत नाहीत आणि तोटा ठरलेलाच राहतो. खरी अडचण या दोहोंच्या मध्ये आहे. शेअर 1380 ला बंद झाला तर 1360 चा पुट कागद ठरतो आणि 1400 च्या पुटपोटी आपल्याला 7 लाख रुपये मोजून 500 शेअर घ्यावे लागतात. ते शेअर हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी भाव 1300 ला उघडला, तर प्रीमियम वजा जाता 86 रुपयांचा, म्हणजे लॉटमागे 43,000 रुपयांचा तोटा अंगावर येतो. चाळीस रुपयांचे कुंपण तोवर राहिलेले नसते.

कॉलच्या बाजूला ही अडचण अधिक तीव्र होते. 1400 चा कॉल विकून 1440 चा घेतला असेल आणि भाव 1420 ला बंद झाला, तर आपल्याला 500 शेअर द्यावे लागतात. ते डिमॅट खात्यात नसतील तर प्रकरण ऑक्शनमध्ये जाते, म्हणजे आपल्या खर्चाने ते दुसऱ्यांकडून लिलावात घेतले जातात, आणि तेथे भाव आपण ठरवत नाही. प्रीमियम भरून केलेल्या स्प्रेडचीही यातून सुटका नाही. 1400 चा कॉल घेऊन 1440 चा विकणाऱ्याला 1420 च्या भावाला 7 लाखांचे शेअर घ्यावे लागतील, आणि 1440 चा पुट घेऊन 1400 चा विकणाऱ्याला नसलेले शेअर द्यावे लागतील. आपला ऑप्शन फायद्यात (कॉल असेल तर भाव स्ट्राइकच्या वर, पुट असेल तर खाली) असला तरी ‘मला वापरायचा नाही’ असे सांगण्याची पूर्वीची सोय 2023 मध्ये बंद झाली आहे.

म्हणून कामाला एक आठवडा आधी लागावे. फायद्यात असलेल्या, विकत घेतलेल्या ऑप्शनवर एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून डिलिव्हरी मार्जिन (शेअरच्या देवाणघेवाणीसाठी ठेवावी लागणारी अनामत) लागू होते आणि ते 10, 25, 45, 70 टक्के अशा पायऱ्यांनी चढत जाते. ही टक्केवारी शेअरच्या डिलिव्हरीसाठी लागणाऱ्या मार्जिनची असते, पूर्ण किमतीची नव्हे. तरीही लहान खात्याला ती जड जाते. आपापले ब्रोकर त्यावर स्वतःचे नियम लावतात: कोणी शेवटच्या दिवसांत शेअरच्या ऑप्शनची नवी खरेदी थांबवतो, तर कोणी निधी अपुरा दिसला की आपली पोझिशन (चालू सौदा) स्वतःहून कापतो. हे नियम ब्रोकरकडून आधीच लेखी मागवून घ्यावेत.

सर्वांत सोपा आणि बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे स्प्रेड लवकर सोडणे. वरच्या उदाहरणात 14 रुपयांना विकलेला स्प्रेड शेवटच्या आठवड्यात 3 रुपयांना परत मिळत असेल, तर 11 रुपये, म्हणजे 5,500 रुपये, आताच खिशात पडतात. थांबल्यास आणखी 1,500 मिळू शकतात. पण त्या 1,500 साठी आपण 37 रुपयांचा, म्हणजे 18,500 रुपयांचा धोका कायम ठेवतो, आणि भाव मध्येच अडकला तर 7 लाखांची सोय करण्याची पाळी येते. शेवटच्या दिवसांत शेअर दहा रुपयांनी हलला तरी स्ट्राइकजवळच्या ऑप्शनचा भाव आधीच्या आठवड्यांपेक्षा कितीतरी झपाट्याने बदलतो. विकलेल्या स्प्रेडचा निम्म्याहून अधिक प्रीमियम वसूल झाला की तो सोडावा, आणि विकलेली स्ट्राइक चालू भावाच्या अगदी जवळ असेल तर एक्स्पायरीच्या आदल्या शुक्रवारनंतर तो बाळगूच नये, असे माझे मत आहे.

सोडताना क्रम पाळावा. आधी विकलेला ऑप्शन परत घ्यावा आणि मग घेतलेला विकावा. उलट केले तर मधल्या काही क्षणांत विकलेला ऑप्शन उघडा पडतो, मार्जिन एकदम वाढते आणि दुसरी ऑर्डर अडू शकते. दोन्ही ऑर्डर एकत्र पाठवण्याची सोय असेल तर ती वापरावी, मात्र प्रत्येक ऑर्डर लिमिट भावानेच, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या मर्यादेतच, लावावी. याचे कारण पडद्यावर स्पष्ट दिसते. शेअर 1490 ला असताना 1400 च्या कॉलची अंगभूत किंमत 90 रुपये असते. पण शेवटच्या दिवशी घेणारा 86 देतो आणि विकणारा 93 मागतो, तेही एकेका लॉटसाठी. अशा वेळी 89 पासून सुरुवात करून चार-सहा आण्यांनी खाली यावे. घाईने समोरचा भाव स्वीकारला तर लॉटमागे दोन हजार रुपये सहज जातात.

दोन्ही कॉल असे खोल फायद्यात गेले असतील आणि गिऱ्हाईकच नसेल, तर दुसरी वाट आहे. 1400 चा घेतलेला आणि 1440 चा विकलेला कॉल तसाच ठेवून त्याच एक्स्पायरीचा 1440 चा पुट घ्यावा आणि 1400 चा विकावा. शेअर कोठेही बंद झाला तरी या चार ऑप्शनची एकत्रित किंमत 40 रुपयेच येते आणि शेअरची देणी-घेणी आपसांत मिटतात. भाव स्ट्राइकच्या बराच वर असल्याने पैशाबाहेरचे, म्हणजे सध्या फायद्यात नसलेले, हे पुट स्वस्त असतात आणि त्यांना गिऱ्हाईकही बरे मिळते. तिसरा उपाय फ्युचरचा, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्या-देण्याच्या बंधनकारक कराराचा. भाव मध्ये अडकला आहे आणि फायद्यातील कॉल विकला जात नाही, तर त्याच महिन्याचे फ्युचर एक लॉट विकावे; कॉलमुळे येणारे शेअर फ्युचरमुळे जाणाऱ्या शेअरमध्ये वजा होतात. मात्र बंद भाव 1400 च्या खाली घसरला तर कॉल निकामी होऊन फ्युचर एकटे उरते, म्हणून स्ट्राइक अगदी जवळ असताना हा मार्ग धरू नये. शेअर बंदीच्या यादीत (बाजारातील एकूण उघडे सौदे मर्यादेपलीकडे गेलेल्या शेअरची यादी) असेल तर नव्या पोझिशनवर निर्बंध येतात, त्यामुळे हे दोन्ही उपाय करता येतील की नाही हे ब्रोकरला आधी विचारावे. आठवडाभर ती यादी रोज सकाळी पाहावी.

हिशेब पडद्यावरच्या शेवटच्या सौद्याच्या भावावर होत नाही. तो होतो रोख बाजारातील अधिकृत बंद भावावर, आणि हा भाव आजवर शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांच्या भारित सरासरीवरून (मोठ्या सौद्याला जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीवरून) काढला जात आला आहे. साडेतीनला 1402 दिसला म्हणून 1400 चा पुट निकामी झाला असे धरून चालू नये. सरासरी 1398 आली तर शेअर घ्यावेच लागतात.

काही जणांना शेअर घेणे किंवा देणे खरोखरच सोयीचे असते. चांगल्या कंपनीचे शेअर वडिलांच्या वेळेपासून खात्यात असतील तर ते देऊन मोकळे होता येते; पण मार्जिनसाठी तारण ठेवलेले असतील तर ते आधीच सोडवून घ्यावेत, कारण ते काम ऐनवेळी होईलच असे नाही. शेअर घ्यायचे असतील तर पूर्ण रक्कम ब्रोकरकडे नोंदवलेल्या आपल्या स्वतःच्या बँक खात्यातूनच जावी लागते. आपल्या भागात बऱ्याच कुटुंबांची शिल्लक सोसायटीत किंवा पतसंस्थेत असते. ती सोडवून बँकेत वळती करायला दोन-तीन दिवस तरी धरावेत. खानापूरकडच्या गावांत जुलैच्या पावसात वीज आणि नेट दोन्ही जातात, तेव्हा फोनवरून सौदा करण्याचा ब्रोकरचा क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा आणि ओळख पटवण्यासाठी काय विचारतात हे आधी एकदा तपासून घ्यावे.

एक्स्पायरीच्या रात्री येणारी कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेली सौद्यांची नोंद) वाचावी. डिलिव्हरी झाली असल्यास तिच्यावरील कर आणि दलाली नेहमीच्या ऑप्शनच्या सौद्यापेक्षा वेगळी दिसेल. ती स्प्रेडच्या नफ्यातोट्यात धरावी. ऑप्शनचे उत्पन्न व्यवसायाचे मानले जाते, तर डिलिव्हरीत आलेले शेअर पुढे केव्हा आणि कसे विकले यावरून त्यांचा कर ठरतो. म्हणून ही नोट वेगळ्या फाइलमध्ये लावून विवरणपत्राच्या वेळी आपल्या सीएच्या हाती द्यावी.