ट्राउटसाठी पहाटे उठू नका

मासे गरवायला जायचं म्हटलं की आपली माणसं आधी गजर लावतात. साडेतीनला उठायचं, अंधारात निघायचं, उजाडताना पाण्यावर पोचायचं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात न्यू जर्सीहून न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्सच्या डोंगरात ट्राउटसाठी निघणार असाल, तर असं करू नका. रात्रीच्या थंडीनं नदी गारठलेली असते, मासे तळाशी गप्प पडून असतात आणि तुमच्याबरोबर आलेले नवखे मित्र नऊ वाजेपर्यंत बधिर हात घेऊन गाडीत जाऊन बसतात. मी दर मे महिन्यात चौघांचा गट घेऊन तिथल्या रॉस्को गावी फ्लाय फिशिंगला, म्हणजे गरीवर पिसं-धागे बांधून केलेल्या खोट्या माशीनं गरवायला जाते. पहिल्या दोन सहली मी अशाच पहाटेपायी वाया घालवल्या.

माझे बाबा दाभोळच्या खाडीत गरवायचे. मनगटावर घड्याळ असायचं, पण ते विचारायचे तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घरातली जेवणं, निजानीज, सगळं त्या हिशोबानं पुढंमागं व्हायचं. ट्राउटच्या नदीचाही असाच हिशोब आहे, फक्त भरतीच्या जागी पाण्याचं तापमान येतं. म्हणून सामानात पहिली वस्तू थर्मामीटर. दोरी बांधून सावलीतल्या पाण्यात फूटभर खाली धरा आणि दोन मिनिटं थांबा. पारा ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली असेल तर मासा सुस्त असतो. ५५ ते ६२ च्या दरम्यान तो मनापासून खातो. आणि ६८ च्या वर, म्हणजे २० सेल्सिअसला, गरी पाण्यात टाकायचीच नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजून दमलेला मासा तुम्ही सोडलात तरी तो पुढे जाऊन मरतो. म्हणूनच मी ही सहल जुलैत ठेवत नाही, मुलांच्या सुट्ट्या असल्या तरीही.

आता जागा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूनं शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर वाहतूक धरून तीन तास ठेवा. रूट १७ वरून एक्झिट ९४ ला उतरलं की रॉस्को. विलोविमॉक आणि बीव्हरकिल या दोन नद्या इथं मिळतात. त्या संगमाला जंक्शन पूल म्हणतात. ‘पूल’ म्हणजे इथं डोह. संगमाच्या खाली बीव्हरकिल जुन्या रस्त्याला धरून वाहते, त्यामुळं गाडी लावून पाच मिनिटांत पाण्याशी पोचता येतं. नवख्या माणसांसाठी हे फार मोलाचं आहे. त्यांना जंगलातून तासभर चालवत नेऊ नका.

परवान्याचं काम आधीच करून टाका. न्यू जर्सीचा परवाना न्यूयॉर्कमध्ये चालत नाही. १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला न्यूयॉर्क राज्याचा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो, एका दिवसाचाही मिळतो. त्याची कागदी प्रत खिशात ठेवा, कारण डोंगरात फोनचा भरवसा नसतो. जिथं पिवळ्या पाट्या दिसतील तिथं लोकांना मासेमारीचा हक्क आहे. पाटी नसेल तर कुणाच्या तरी मालकीची जागा समजून मागं फिरा. बीव्हरकिल आणि विलोविमॉकवर ‘नो किल’ पट्टे आहेत. तिथं जिवंत आमिष चालत नाही आणि प्रत्येक मासा लगेच परत सोडायचा असतो. मी गट घेऊन त्याच पट्ट्यांत जाते.

निघण्याच्या आदल्या दिवशी कुक्स फॉल्सच्या सरकारी मापकावर नदीचा प्रवाह पाहा. आकडा घनफूट प्रति सेकंदात असतो. माझा स्वतःचा नियम: ६०० च्या खाली असेल तर नवख्यांना पाण्यात उतरवते, त्याच्या वर गेला तर काठावरूनच गरवायचं, आणि हजाराच्या पुढं मी स्वतःही उतरत नाही. एका वर्षी पावसानंतर मी हा आकडा न बघता सगळ्यांना घेऊन गेले. एका मित्राचा पट्टा सैल होता, पाय घसरला आणि वेडर्समध्ये, म्हणजे छातीपर्यंतच्या रबरी विजारीत, कमरेपर्यंत पाणी भरलं. दोघांनी मिळून त्याला ओढून काठावर आणलं. तो दिवस मी विसरलेले नाही.  वेडर्सवर कमरेला पट्टा घट्ट आवळलेला हवा, हे मी प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून तपासते. हातात आधाराची काठी, पाय उचलून टाकायचा नाही, सरकवत न्यायचा. पडलातच तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढं करा आणि उथळ पाण्याकडं सरका.

सामानाची फार हौस करू नका. ९ फुटी, ५ नंबर वजनाच्या दोरीची काठी, तरंगणारी दोरी, तिच्या पुढं ९ फुटी निमुळता पारदर्शक धागा (लीडर) आणि टोकाला बांधायला ५एक्स जाडीचा बारीक धागा. चौघांत दोन काठ्या पुरतात, आणि त्या दोनच असाव्यात असं माझं ठाम मत आहे. जाणता आणि नवखा अशी जोडी करायची, जोडीला एक काठी. एक जण गरवतो, दुसरा मागं उभा राहून पाणी वाचतो, म्हणजे मासा कुठं असेल ते हेरतो. वीस मिनिटांनी किंवा एका माशानंतर अदलाबदल. चार काठ्या घेऊन गेलेलं वर्ष आठवतं: चौघं चार दिशांना, नवख्यांचे धागे झाडात, आणि संध्याकाळी एकमेकांना सांगायला कुणाकडंच काही नाही. चौघंही नवखे असाल तर मात्र शनिवारी अर्ध्या दिवसासाठी वाटाड्या घ्या आणि फोनवरच सांगा की आम्ही पहिल्यांदा येतोय.

दोरी फेकायचा सराव घरच्या हिरवळीवर करून जा. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, तीस फुटांवर स्वयंपाकघरातली परात ठेवा आणि लोकर परातीत पडेपर्यंत फेका. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गरीला नसतं, दोरीला असतं. तुम्ही दोरी फेकता, माशी तिच्यामागून जाते. म्हणून काठी मागं नेली की थांबायचं, दोरी पाठीमागं पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढं आणायची. नवखा माणूस नेमका तिथं घाई करतो. मी मोठ्यानं ‘मागे… आणि… पुढे’ म्हणायला लावते. ‘आणि’ म्हणेपर्यंत हात हलवायचा नाही. ताकद लावू नका, मनगट मोडू नका. मागं झाडं असतील तर दोरी मागं नेऊच नका. पाण्यावरची दोरी हळूच ओढून काठी खांद्यापाशी आणा आणि पुढं झटका द्या, दोरी लाटेसारखी गुंडाळत जाते. बीव्हरकिलच्या काठावर हा प्रकार जास्त उपयोगी पडतो.

शनिवारी सकाळी निवांत उठा. आम्ही दडपे पोहे आणि चहा घेतो, गाठी बांधायचा सराव करतो. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीनं ओली करायची, नाहीतर घर्षणानं धागा कमजोर होतो. मग लिव्हिंग्स्टन मॅनरजवळच्या फ्लाय फिशिंग संग्रहालयात तासभर. इंग्लंडमधल्या संथ नद्यांसाठी बनलेल्या माश्या १८९० मध्ये तिथले जाणकार लेखक फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी कॅट्सकिल्समध्ये गरवणाऱ्या थिओडोर गॉर्डन यांना पाठवल्या, आणि गॉर्डन यांनी त्या इथल्या खळाळत्या पाण्यावर तरंगतील अशा बेतून घेतल्या. त्यांचा शिष्य रॉय स्टीनरॉड. त्यानं १९१६ मध्ये बीव्हरकिलवर उडणारा किडा बघून एक माशी बांधली आणि तिला गरवायला बरोबर येणाऱ्या मित्राचं, हेंड्रिक्सनचं नाव दिलं. तीच माशी आजही मेच्या सुरुवातीला माझ्या डबीत पहिली असते.

साडेअकराच्या सुमारास नदीवर या, पण पाण्यात उतरू नका. अर्धा तास काठावर बसा. ही माझी सगळ्यात कडक अट आहे आणि तिच्यावरच सगळ्यांची कुरकुर असते. तापमान घ्या. पाण्यातला एखादा दगड उलटा करून बघा, खाली कोणते किडे चिकटलेत ते पाहा आणि दगड होता तसा ठेवा. हवेत काय उडतंय ते बघा. पंख शिडासारखे उभे असतील तर तो मेफ्लाय, हेंड्रिक्सन त्यातलाच. कौलारू छपरासारखे उतरते असतील तर कॅडिस. पाठीवर सपाट मिटलेले असतील तर स्टोनफ्लाय. एवढं ओळखता आलं तरी डबीतली अर्धी माश्यांची निवड होऊन जाते. नाव आठवलं नाही तर आकार आणि रंग जुळवा, आणि आकार आधी.

मग पाणी वाचा. ट्राउट प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो आणि अन्न वाहत येण्याची वाट बघतो. भर प्रवाहात उभं राहणं त्याला परवडत नाही, अगदी संथ पाण्यात अन्न येत नाही. म्हणून तो या दोन्हींच्या सांध्यावर असतो: मोठ्या दगडाच्या मागं, खळाळ डोहात शिरतो तिथं, काठाच्या सावलीत. फेसाची रेघ जिथून वाहते तिथूनच किडेही वाहतात. खालच्या बाजूनं, म्हणजे माशाच्या पाठीमागून, जवळ जा. ध्रुवीकृत काचांचा चष्मा लावा. तळ दिसतो आणि डोळ्यांना गरीपासून संरक्षणही मिळतं.

दुपारी बारा ते दोन बुडणारी माशी वापरा. १४ किंवा १६ नंबरची फेझंट टेल, वर एक लहान तरंगणारा बोंडा, पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर. बोंडा थबकला, बुडाला, तिरका झाला की काठी उचला. नवख्यांना पहिला मासा बहुतेक इथंच लागतो. दोन-अडीचच्या सुमारास पाणी पंचावन्नच्या आसपास आलं की हेंड्रिक्सन वर यायला लागतात. पाण्यावर वर्तुळं उमटू लागतात आणि सगळ्यांची बोलणी बंद होतात. आता तरंगणारी माशी बांधा. ती पाण्याबरोबर मोकळी वाहिली पाहिजे. दोरी तिला ओढू लागली आणि मागं रेघ उमटली, तर मासा येत नाही. मधला जोराचा प्रवाह दोरी पुढं नेऊ लागला की काठीच्या टोकानं दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवा. मासा माशी घेतो तेव्हा क्षणभर थांबा, त्याला तोंड मिटू द्या, मग काठी उचला. दचकून ओढलीत की ती तोंडातून सुटते.

आता लागलेल्या माशाबद्दल. तो बहुधा ब्राउन ट्राउट असेल: सोनेरी अंग, काळे आणि तांबडे ठिपके. त्याची जात १८८३ मध्ये जर्मनीहून अंड्यांच्या रूपात न्यूयॉर्कला आली. तुमच्या गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चिमट्यानं दाबून सपाट केलेला असावा. हात ओले करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेत बुरशी धरते. मासा रबरी जाळीत, पाण्यातच ठेवून गरी काढा. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार झाल्यावरच उचला आणि दोन-तीन श्वासांत परत पाण्यात. मग तोंड प्रवाहाकडं करून पोटाखाली नुसता आधार द्या. शेपटीत जोर आला की तो आपणच निघून जातो.

माझी आई अजूनही विचारते, सोडायचाच तर पकडायचा कशाला? खाडीकाठच्या घरात हा प्रश्न खरा आहे, आम्ही तांबोशीच्या कालवणावर वाढलो. मी तिला एवढंच सांगते की त्या पट्ट्यात एका उन्हाळ्यात तोच मासा अनेकांच्या हाताला लागतो, आणि माझ्या मैत्रिणीला जो मिळाला तो मी मागच्या खेपेला घरी नेला असता तर तिला मिळाला नसता. खायचे मासे आम्ही शुक्रवारीच खाऊन निघतो.

साडेपाचला वर या, गाडीपाशी बसून धपाटे खा आणि साडेसहाला पुन्हा उतरा. अंडी घालायला परतणारे किडे संध्याकाळी पाण्यावर पडतात आणि अंधार होईपर्यंत मासे ते टिपत राहतात. म्हणून रात्रीचं जेवण साडेनऊला, हे सगळ्यांना घरूनच सांगून ठेवा. गाडीपाशी जमायची वेळ ठरवून घ्या. दुसरा कुणी डोहात उभा असेल तर त्याच्या वरच्या बाजूला उतरू नका. लांबून जा किंवा विचारा.

गोचिडींची काळजी घ्या. या डोंगरात लाइमचा आजार पसरवणाऱ्या गोचिडी आहेत. रात्री गुडघ्यामागं, काखेत, केसांच्या कडेला बघा, एकमेकांच्या मानाही तपासा. मात्र डीट हे रसायन असलेलं किडे पळवायचं औषध हाताला लागलं असेल तर दोरीला हात लावू नका, दोरीवरचं प्लास्टिक त्यानं विरघळतं.

रविवारी दुपारच्या हेंड्रिक्सननंतर, चारला निघालेलं बरं. घरी आल्यावर बूट आणि वेडर्स धुऊन पूर्ण वाळवा; ओल्या तळव्यांतून शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. आणि वही लिहा, त्याच रात्री. आमच्या वहीतली गेल्या मेची शनिवारची नोंद अशी आहे: सकाळी ९ ला ४८ अंश, दुपारी २ ला ५५. प्रवाह ५२०. हेंड्रिक्सन २.२० ला सुरू. डोहाच्या खालच्या टोकाला, डावीकडच्या सपाट दगडामागं. वहिनीचा पहिला मासा, अकरा इंच, सोडला.